मंत्रीसाहेब, सुई टोचणाऱ्याची परीक्षा कोण घेतं?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार. पत्र लांबलंय, पण विषय सुईएवढाच आहे.

माझी आई 68 वर्षांची, सोलापुरात असते, दोन्ही गुडघे कुरकुरतात. ऑपरेशन नको म्हणते, पेनकिलरने पोटात आग पडते, तेल लावून झालं, काशाच्या वाटीने तळपाय घासून झाले, ती टोचणारी अ‍ॅक्युप्रेशरची चप्पल पण वापरून झाली (आता ती बाल्कनीत कुंडीखाली आहे). शेवटी भिशीतल्या एका काकूंनी सांगितलं म्हणून दिवाळीनंतर एका अ‍ॅक्युपंक्चरवाल्याकडे, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचून उपचार करणाऱ्याकडे, जायला लागली. दहा सिटिंग, पैसे आधी. आणि खोटं कशाला बोलू, तिला बरं वाटलं. पाचव्या सिटिंगनंतर कठडा न धरता जिना चढले म्हणून मला फोन केला होता, मीपण खूश.

मग मी घरी गेले तेव्हा तिच्यासोबत गेले आणि डोकंच फिरलं. टेबलावर काचेच्या नळ्या, प्रत्येकीवर पेशंटच्या नावाची चिकटपट्टी आणि आत स्पिरिटमध्ये त्या पेशंटच्या सुया. "ताई, ज्याचा त्याचा सेट आहे, मिक्स होत नाही." एकदा वापरून फेकायच्या, पाकिटातल्या निर्जंतुक सुया काही महाग नसतात हो. वर आईला सांगून ठेवलेलं की सुयांनी शुगर पण खाली येते, गोळी अर्धी करा, आणि तिने गुपचूप तीन आठवडे अर्धी केली होती. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी शुगर तपासली तर 212. मी रजिस्ट्रेशन नंबर विचारला, त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं, कुठल्यातरी रविवारच्या कोर्सचं सर्टिफिकेट. शेजारी डॉ. कोटणीसांचा फोटो, हार घातलेला. बाहेर बोर्ड, "5000 वर्षांची चिनी विद्या".

कोटणीसांच्या फोटोने जास्त राग आला, कारण ते आमच्या गावचे. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला जे पाच भारतीय डॉक्टर गेले त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस सर्जन होते. जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत करत 1942 च्या डिसेंबरमध्ये तिकडेच वारले, वय फक्त 32. सुयांशी त्यांचा थेट संबंध नाही. त्या पाचातले कलकत्त्याचे डॉ. बिजय बसू नंतर 1950 च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले, आणि कोटणीसांच्या नावाच्या स्मारक समितीमार्फत ते बंगालमध्ये पसरलं. म्हणजे नातं आहे, पण ते असं आहे. फोटो लावला की आपण त्यांचे वारस होतो असं नाही.

आणि ते 5000 वर्षांचं पण ऐकाच. चीनमध्ये चांगशाजवळ मावांगदुईला एक थडगं सापडलं, इसवीसनपूर्व 168 चं, त्यात रेशमी कापडावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ निघाले. त्यात शरीरातल्या वाहिन्या (रक्ताच्या नव्हे, या विद्येत मानलेले प्राणशक्तीचे मार्ग) आहेत, त्यावर वनस्पतीची चूड लावून शेक द्यायचं आहे, सुया नाहीत. सुयांचं सविस्तर वर्णन येतं ते 'पिवळ्या सम्राटा'च्या नावाच्या ग्रंथात, तो साधारण 2000 वर्षांपूर्वीचा, आणि त्यातल्या नऊ प्रकारच्या सुयांमधल्या काही तर गळू फोडायच्या नाहीतर रक्त काढायच्या सुऱ्याच आहेत. मधे 1822 ला तिथल्याच सम्राटाने राजवैद्यांच्या खात्यातून अ‍ॅक्युपंक्चर काढून टाकलं होतं. आज जी केसासारखी बारीक स्टीलची सुई आईच्या गुडघ्याखाली टोचतात ती 20 व्या शतकात चंग दान-आन नावाच्या डॉक्टरांनी ही विद्या नव्याने मांडली तेव्हापासून रुळली. 2000 वर्षं काय कमी आहेत का, 5000 कशाला करायची!

पण साहेब, मला तुम्हाला चिनी इतिहासातली सांगायची ती गोष्ट वेगळीच आहे. सुंग राजवटीत, 1027 साली, वांग वेई-यी नावाच्या राजवैद्याने सम्राटाच्या हुकमावरून माणसाच्या उंचीचे दोन काशाचे पुतळे ओतून घेतले. पूर्ण अंगावर पॉइंटच्या, म्हणजे सुई टोचायच्या ठरावीक, जागी बारीक भोकं. परीक्षेच्या दिवशी पुतळ्याला बाहेरून मेण लावायचं म्हणजे भोकं दिसत नाहीत, आत पाणी भरायचं, आणि विद्यार्थ्याला सांगायचं टोच. बरोबर जागी टोचलं तर पाण्याची धार, चुकलं तर सुई आतच जात नाही. कॉपी नाही, वशिला नाही. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी! जपानमध्ये तर आजही, डॉक्टर सोडले तर, तीन वर्षं शिकून सरकारी परीक्षा पास झाल्याशिवाय सुई हातात धरता येत नाही, आणि तिथे कित्येक अंध लोक शतकानुशतकं हे काम करत आलेत, सुई नळीतून टोचायची युक्ती ज्यांच्या नावावर आहे ते सुगियामा वाइची स्वतः अंध होते.

आता कोणीतरी हुशार म्हणेल की बाई, पॉइंटला अर्थच काय आहे. मीपण वाचलंय. जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 पेशंटवर मोठी चाचणी झाली, 2007 ला छापून आली. नेमक्या पॉइंटवर सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना फरक पडला, मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना, आणि नेहमीच्या औषध-व्यायामवाल्यांपैकी 27.4 टक्क्यांना. यातून दोन्ही बाजूंना जे हवं ते काढता येतं. मी एवढंच काढते की दुखण्यावर काहीतरी होतं, आईच्या जिन्यावर मी ते पाहिलं, पण ते वाहिन्यांमुळेच होतं असं छातीठोक सांगता येत नाही. आणि शुगर, कॅन्सर, किडनी असली यादी बोर्डावर लावायला तर यातून काहीच आधार मिळत नाही.

मग परीक्षा कशाला, तर त्या काशाच्या पुतळ्याबद्दल जुन्या नोंदीत अजून एक गोष्ट सांगतात, तो उघडता यायचा आणि आत काळीज, फुप्फुस, आतडी सगळं बसवलेलं असायचं. मला वाटतं खरी परीक्षा ती आहे. खांद्यावर मानेच्या बाजूला एक पॉइंट असतो, चिनी नाव 'खांद्याची विहीर', अवघडलेल्या मानेसाठी सगळे तिथेच टोचतात, आणि त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक असतं. सुई जास्त खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडतं. खराब सुयांमधून हिपॅटायटिस बी पसरल्याच्या केसेस जगभर झाल्यात. रविवारच्या कोर्समध्ये हे किती शिकवतात देव जाणे.

कायदा नाही म्हणून मी रडत असते तर गोष्ट वेगळी. केंद्राने 2003 लाच सांगितलं होतं की अ‍ॅक्युपंक्चर ही उपचाराची एक पद्धत आहे, रजिस्टर्ड डॉक्टरांनी किंवा नीट ट्रेनिंग घेतलेल्यांनी वापरावी. बंगालने 1996 ला कायदा केला, आपल्या महाराष्ट्राने 2015 चा केला, रजिस्ट्रेशन देणारं काउन्सिल आलं, ते तुमच्याच खात्याखाली येतं. बाकीच्या बहुतेक राज्यांत हे पण नाही, तेव्हा जे केलंय त्याचं कौतुकच आहे. पण कायदा मुंबईत आणि सुया सोलापुरात, मधे कोण आहे? भिशीतल्या काकू.

म्हणून साहेब, फार मोठं काही मागत नाही. प्रत्येक क्लिनिकच्या दारावर मराठीत, चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या अक्षरात रजिस्ट्रेशन नंबर लावायची सक्ती करा, आणि रजिस्ट्रेशन असलेल्यांची जिल्हावार यादी सिव्हिल हॉस्पिटलच्या केस पेपरच्या खिडकीशी चिकटवा, कारण आमच्या आया वेबसाइट उघडत नाहीत. सुईचं पाकीट पेशंटच्या डोळ्यासमोर फोडायचं हा नियम करा आणि कोणी जाऊन तो बघेल असंपण करा. आणि दुसऱ्या डॉक्टरची गोळी कमी करायला सांगणाऱ्याचं रजिस्ट्रेशन गेलंच पाहिजे, ज्याच्याकडे ते मुळात नाही त्याचं दुकान.

आईने उरलेल्या सिटिंगचे पैसे परत मागितले नाहीत. "माणूस वाईट नाही गं, हात हलका आहे त्याचा" म्हणते. शुगर आता ठीक आहे, गुडघा मात्र परत दुखायला लागलाय आणि ती दर रविवारी फोनवर विचारते, दुसरा कोणी चांगला सुयावाला मिळाला का. मी म्हणते शोधतेय. यादी लागली की कळवा.

आपली,
सोलापूरची एक मुलगी, सध्या मुक्काम पिंपरी