चित्र विकताना नेमकं काय विकतेस, ते आधी ठरव

नागपूर, श्रावणातला रविवार

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर नोकरी सोडून स्वतःचं काम करायचं, असं तू परवा फोनवर म्हणालीस आणि बाबांनी लगेच विचारलं, ‘महिन्याला किती येतील?’ त्यावर तू गप्पच झालीस. बाबांचा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

चित्रांवर तुझं घर चालू शकतं असं मला मनापासून वाटतं. माझी लेक म्हणून म्हणत नाही. करसल्लागाराच्या ऑफिसात बसून मी इतकी वर्षं लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची, तबला शिकवणाऱ्यांची, मेंदीवाल्यांची, निवेदकांची, यूट्यूबवर सावजी रस्सा करून दाखवणाऱ्या बायकांची विवरणपत्रं भरली आहेत. कुणाची कमाई टिकते आणि कुणाची दोन-तीन वर्षांत आटते, हे कागदावर स्वच्छ दिसतं. ज्यांची टिकते ते सगळे फार मोठे कलावंत असतात असं नाही. त्यांचं केलेलं काम एकदा पैसे देऊन संपत नाही, एवढाच फरक मला दिसला. आमच्याकडे येणारा एक फोटोग्राफर लग्नसराईत लग्नं करतो, पण त्याने ताडोब्यात काढलेले फोटो दरवर्षी कुणी ना कुणी कॅलेंडरसाठी वापरायला घेतं. फोटो त्याचेच राहतात, पैसे मात्र पुन्हा येतात.

आत्ता इथे महाल भागात, मूर्तिकारांच्या चितार ओळीत, पाय ठेवायला जागा नाही. घरगुती गणपती रांगेने वाळताहेत, ज्याची नोंदणी झाली आणि बयाणा मिळाला त्या मूर्तीवर नावाची चिठ्ठी. गणपती लोकांच्या घरी जातो, तलावात किंवा टाक्यात विरघळतो, पण साचा कारागिराच्या माडीवर राहतो आणि पुढच्या वर्षी त्यातून पुन्हा मूर्ती निघतात. कोणताही मूर्तिकार गिऱ्हाइकाला मूर्तीबरोबर साचा देत नाही. तुझ्या कामात हा साचा म्हणजे चित्राचा हक्क, आणि चित्रकार पोरंपोरी तो रोज फुकट देऊन टाकताना मी पाहते.

म्हणून त्या मिठाईवाल्यांच्या कामाबद्दल आधी लिहिते. संत्रा बर्फीच्या डब्यासाठी चित्र हवं, पंधरा हजारांत करून टाक, असं ते म्हणाले म्हणालीस. आपल्याकडे ‘घरचंच समजून करून टाक न, पोरी’ असं म्हटलं की पुढचं काही बोलायला जीभ उचलत नाही. तरी बोलायचं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. साधारणपणे कलाकृती जो घडवतो तोच तिचा पहिला मालक. पण याच कायद्यात असंही आहे की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, चित्र रंगवून घेतलं किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे तू काहीच लिहून घेतलं नाहीस तर डब्यावरचं संत्र्याचं चित्र उद्या त्यांच्या पाटीवर, पिशवीवर, बसच्या पाठीवर जाईल आणि तुला बोलायला जागा उरणार नाही. संगणकावर काढलेलं चित्र त्या कलमात बसतं की नाही, यावर वकील वाद घालू शकतील. तुला वाद नको आहे, दोन पानं कागद हवा आहे.

त्या कागदात काय लिहायचं ते सांगते. चित्र कशावर छापायचं: फक्त डबा. कुठे: महाराष्ट्रात. किती काळ: एक वर्ष, म्हणजे ही दिवाळी धरून पुढच्या दिवाळीच्या आधीपर्यंत. पुढच्या वर्षी तेच चित्र वापरायचं तर ठरलेली रक्कम पुन्हा, भले ती मूळ भावाच्या निम्मी असो. पाटी, पिशवी, खाण्याच्या ॲपवरचं चित्र, हे वेगळे वापर, त्यांचा भाव वेगळा. ‘आम्हाला सगळंच कायमचं पाहिजे’ म्हणाले तर नाही म्हणू नकोस, तो भाव तिप्पट-चौपट सांग आणि शांत बस. पुष्कळदा त्यांना खरोखर डबाच हवा असतो, आणि मग तुझे पंधरा हजार वाजवी ठरतात. दोन दुरुस्त्या यात धरल्या आहेत, तिसरीपासून पैसे लागतील, हेही लिही. निम्मे पैसे सुरुवातीला. नमुना दाखवताना लहान आकाराचा आणि नावाचा शिक्का मारलेला दाखवायचा, छपाईची फाइल उरलेले निम्मे खात्यात आल्यावर. आणि थर सुटे असलेली मूळ फाइल तर द्यायचीच नाही, ती मागितली तर त्याचा भाव निराळा.

उद्या कुणी हक्क विकतच घेतले, तर तेही लेखी आणि सहीनिशी झालं तरच कायद्याने खरं. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कुणी आयता करार पुढे केला तर मी या दोन ओळी आधी शोधते. हक्क विकल्यावरही हे चित्र मी काढलं असं सांगण्याचा तुझा अधिकार शाबूत राहतो, तो वेगळा मानलेला आहे. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. चित्र काढल्या क्षणापासून तो असतो, आणि तुझ्या हयातीनंतर आणखी ६० वर्षं चालतो. तुझ्या लेकराबाळांच्या कामी येईल इतका मोठा काळ आहे हा, म्हणून पंधरा हजारांत त्यावर पाणी सोडू नये असं मला कळकळीने वाटतं.

आता तुझ्या मारबतीच्या चित्रांकडे ये. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे असे मिरवणुकीतले ते पुतळे आणि रस्त्यावरची ती गर्दी, हे तू कुणाच्या सांगण्यावरून काढलेलं नाहीस. ती मालिका पूर्ण तुझी, त्यामुळे तुझी खरी पुंजी तीच. त्यातलं एक चित्र ए-थ्री आकाराच्या जाड कागदावर छापायचं म्हटलं तर, समज, छपाई नि कागद मिळून १२० रुपये, गुंडाळायची नळी आणि कुरिअर १००, ऑनलाइन पैसे घेण्याचे दोनेक टक्के कापले जातील. सहाशेला विकलंस तर साडेतीनशेच्या वर हाती राहतात. आधी शंभर प्रती छापून ठेवू नकोस. मागणी नोंदवून घे, मग तेवढ्याच छाप. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तिच्या पंधरा दिवस आधी नोंदणी उघडली तर बाहेरगावी राहणारे नागपूरकर घेतील, पुण्यात तर तुझ्या आजूबाजूलाच कितीतरी आहेत. हेच चित्र एखाद्या मासिकाला एका अंकापुरतं वापरायला देता येतं, एखाद्या कॅफेला भिंतीपुरतं देता येतं, आणि तरी प्रिंट विकणं चालूच राहतं. एका चित्रातून चार वाटा निघतात, त्या वाटा तू मोजून ठेव.

अक्षरांचं कामही असंच आहे. तू देवनागरीत जी जाड, गोल अक्षरं काढतेस त्यांचा फॉन्ट करायचा म्हटलास तर महिनेच्या महिने जातील, जोडाक्षरं आणि मात्रा माणसाला दमवतात. पण फॉन्टची किंमत वापरानुसारच लावतात: एका संगणकासाठी एक, वेबसाइटसाठी दुसरी, ॲपसाठी तिसरी. हे काम नोकरी सोडण्याआधी, सुट्टीच्या दिवशी हळूहळू सुरू करावंस असं मला वाटतं.

यूट्यूबचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळे फार बोलतात. जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के बनवणाऱ्याला मिळतात, शॉर्ट्समध्ये वाट्याला आलेल्या रकमेतले ४५. आमच्या कागदांत हे पैसे एका महिन्यात चांगले आणि पुढच्या दोन महिन्यांत नाममात्र दिसतात. त्यावर घरभाडं ठरवू नकोस. व्हिडिओ मात्र करत राहा. बोरूने ‘ळ’ कसा काढायचा हे बघायला आलेला माणूस उद्या तुझ्या शिकवणीला बसतो किंवा लग्नपत्रिकेचं काम देतो. रंगांच्या कंपनीने पैसे किंवा फुकट रंग दिले तर व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं ठळक लिहायचं. जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून तसा नियमच केला आहे, आणि नियम नसता तरी बघणाऱ्याला ते कळायला हवं.

शिकवणं तुला जमतं, हे मी तुझ्या चुलतभावंडांना शिकवताना पाहिलंय. इथे नागपुरात धरमपेठेत एखादा हॉल अर्ध्या दिवसासाठी घेऊन देवनागरी सुलेखनाचा वर्ग लाव. वीस जण आले तरी हॉल, चहा, कागद, शाई जाऊन बरं उरतं, आणि पुढे त्याच धड्यांचं रेकॉर्डिंग विकता येतं. शिकवणीचे पैसे वेळेवर येतात, कारण लोक आधी फी भरतात. कंपन्यांच्या कामात याच्या अगदी उलटं होतं.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. समज, तुला भाड्यासकट महिन्याला ४० हजार लागतात. महिन्यात पंचवीस दिवस बसलीस तरी गिऱ्हाइकाच्या कामाचे बारा-तेरा दिवसच भरतात, बाकीचे फोन, मेल, बिलं, वसुली आणि सराव यांत जातात. म्हणजे कामाच्या एका दिवसाचे ३,२०० आले तरी तू जेमतेम तग धरशील. त्यात संगणक, सॉफ्टवेअर, आजारपण, विमा आणि कर घाल. माझ्या हिशेबाने दिवसाचे ५,००० च्या खाली तू उतरू नयेस. बर्फीचं चित्र तीन दिवसांचं असेल तर पंधरा हजार ठीक, सहा दिवसांचं असेल तर ठीक नाही. आणि पैसे सारख्या हप्त्याने येत नाहीत. तुझ्या आजोबांच्या गावाकडे झाडीपट्टीतली नाटकमंडळी दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र प्रयोग करतात आणि त्या चार-पाच महिन्यांच्या पैशात वर्षाचा विचार करतात. तसंच तुझं होईल. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा देऊ नये, यावर मी आणि बाबा एकमत आहोत.

कर मला घरबसल्या बघता येईल, त्याची काळजी करू नकोस. पण सवयी तुझ्या तुलाच लावाव्या लागतील. कामाचं खातं वेगळं उघड. प्रत्येक बिलाला क्रमांक आणि तारीख घाल. कंपनी बहुधा १० टक्के टीडीएस, म्हणजे तुझ्या नावाचा कर, पैसे देतानाच कापेल, तो तुझ्या पॅनवर जमा झाला का ते आयकराच्या साइटवर पाहायचं, कारण कापून न भरणारेही असतात. वर्षाचा कर १० हजारांच्या वर जाणार असेल तर आगाऊ कर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना भरायचा. सेवांचं उत्पन्न वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही.

एक गोष्ट मात्र या आठवड्यातच कर: ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नाव. ती सरकारी साइटवर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस. सूक्ष्म उद्योगांचे पैसे ठरल्या तारखेला, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असं २००६ च्या कायद्यात आहे. काही ठरलेलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. तू कधी कोर्टकचेरी करावीस म्हणून हे सांगत नाही. बिलाच्या तळाशी उद्यमचा क्रमांक आणि ही मुदत छापलेली असली की हिशेबनीस ते बिल गठ्ठ्याच्या खाली सरकवत नाही. मी स्वतः हिशेबनीस आहे, मला माहीत आहे.

आणि सगळ्यात आधीचं काम. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून जे काढलंस ते कंपनीचं, ते स्वतःच्या नावाने विकता येत नाही. पण रात्री घरी काढलेली मारबत? तुझ्या नेमणूकपत्रात त्याबद्दल एखादं कलम असू शकतं. काही कंपन्या ‘नोकरीच्या काळात केलेलं सर्व काही’ असं लिहून घेतात. तुझ्याकडे त्या पत्राची प्रत असेल, तिचे सगळ्या पानांचे फोटो मला आज रात्री पाठव. बर्फीवाल्यांना उत्तरही ते वाचून झाल्यावर लिही, मसुदा आपण मिळून करू. त्यांना बुधवारपर्यंत थांबा म्हणून सांग, डबा छापायला अजून वेळ आहे.

तुझी,
आई