सातशे वस्तीचं शहर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

जेमतेम सातशे माणसांच्या स्लोटनला इथले लोक शहर का म्हणतात, असं तुम्ही विचारलंत. याचं उत्तर वस्तीत सापडत नाही, हक्कात सापडतं. बाजार भरवायचा, जकात घ्यायची, स्वतःचा न्यायनिवाडा करायचा आणि भोवती तट उभारायचा, हे हक्क मिळाले की जुन्या काळी गावाचं शहर होई. नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतात अशी अकरा शहरं आहेत आणि त्यांत स्लोटन सगळ्यात लहान. 1426 सालच्या दस्तात त्याचं शहरपण नोंदलेलं आहे. देशाच्या 1851 च्या कायद्याने शहर आणि गाव हा कागदावरचा भेद मिटवला, पण लोकांच्या तोंडी तो अजून आहे.

एवढीशी जागा महत्त्वाची ठरली ती नाक्यामुळे. स्नेककडून दक्षिणेच्या समुद्राकडे जाणारा जलमार्ग आणि स्टावोरेन बंदराकडे जाणारा खुष्कीचा रस्ता इथे एकमेकांना छेदत. डीप नावाचा कालवा गावाच्या मधोमध वाहतो, आणि तो जिथून आत येतो नि जिथून बाहेर पडतो तिथे तटात पाण्याच्या वेशी आहेत. विटांच्या कमानीखालून नाव जाते. वेस लावली की गलबत अडलंच, मग जकात चुकवणार कशी? दक्षिणेच्या वेशीशेजारी तटावर 1755 ची पवनचक्की उभी आहे. नकाशावर शहराचा आकार थेट कांद्यासारखा दिसतो.

तुम्हाला किल्ल्यांची आवड, म्हणून तटाबद्दल जरा सविस्तर लिहितो. हा तट आपल्या गडांसारखा दगडी नाही, मातीचा आहे. खंदक खणताना निघालेली माती आतल्या अंगाला टाकत गेलं की खंदक आणि तट एकदमच तयार होतात. तोफगोळा दगडी भिंतीवर आदळला की भिंत ढासळते आणि कपच्या उडून आतलीच माणसं जखमी होतात. मातीत मात्र गोळा रुतून बसतो. उतारावर हिरवळीचे थर बसवावे लागतात, नाहीतर पावसाने माती घसरून खंदकच भरतो.

अशा पाणकोटाची दुखरी बाजू म्हणजे हिवाळा. खंदक गोठला की शत्रूला पूल लागत नाही, तो चालतच तटाशी येतो. म्हणून कडाक्याच्या थंडीत शिबंदीला बर्फ फोडून खंदकात पाण्याचा पट्टा मोकळा ठेवावा लागे. एका रात्रीत तो पुन्हा गोठे, की दुसऱ्या दिवशी पुन्हा फोडणं आलंच.

1523 मध्ये बादशहा पाचव्या चार्ल्सच्या फौजेने स्लोटनला वेढा घातला. त्याचा शत्रू असलेल्या गेल्डर्सच्या ड्यूकच्या ताब्यात फ्रीसलँडमध्ये उरलेल्या शेवटच्या ठाण्यांपैकी हे एक होतं. ठाणं पडलं, पण यान फान वासेनार हा बादशाही सरदार इथे झालेल्या जखमेने दगावला. नामांकित दुर्गरचनाकार मेनो फान कुहोर्न (1641–1704) याचं घर शेजारच्या वाइकेल गावी होतं आणि त्याची समाधी तिथल्याच चर्चमध्ये आहे. स्लोटनचा तट सरसकट त्याच्या नावावर लावतात ते मला पटत नाही. शहर त्याच्या जन्माआधीच तटबंद होतं.

ज्या बर्फाची एकेकाळी धास्ती होती, त्याचीच आता सगळा प्रांत वाट पाहतो. अकराही शहरांना जोडणारी सुमारे 200 किलोमीटरची स्केटिंगची शर्यत, एल्फस्टेडेनटोख्त, 1909 पासून आजवर 15 वेळा झाली. शेवटची झाली 4 जानेवारी 1997 ला. लेवार्डेनहून निघाल्यावर स्नेक, आयल्स्ट आणि मग सुमारे 40 व्या किलोमीटरला स्लोटन. दर शहरात कार्डावर शिक्का घ्यायचा आणि मध्यरात्रीच्या आत परत पोहोचायचं. वाटेत सगळीकडे किमान 15 सेंटिमीटर जाड बर्फ हवा, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. पुलाखाली बर्फाला पुरेशी थंडी लागत नाही, त्यात पाणी वाहतं असलं तर तो पातळच राहतो. अशा जागी काठावर सतरंज्या अंथरतात आणि लोक स्केट्स न काढता त्यावरून चालत पुढे जातात. या चालण्याला ‘क्लूनेन’ म्हणतात.

तुम्ही दोघं आलात की स्नेकपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने जाऊ. तटावरून अख्ख्या शहराला फेरी मारायला अर्धा तास पुरतो, पण आईच्या गुडघ्यांसाठी कालव्याकाठची लिंडेनच्या झाडांखालची सपाट वाट बरी. मे महिन्यात या, तेव्हा झाडांना नवी पालवी असते.

सौ. आईस नमस्कार, चिंगीस आशीर्वाद.

आपला,
सुहास