चि. अनिकेतला

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

आईने फोनवर तुला एवढंच सांगितलं, की बाबांना इंजेक्शनं चालू आहेत. नीट लिहून कळवतो, कारण यातलं निम्मं तुझ्याशी संबंधित आहे.

आषाढी एकादशीला मंदिरातून घरी आलो, तर आईने दारातच विचारलं, "अहो, दुसरी चप्पल?" उजव्या पायातली वाटेत कुठेतरी निसटली होती आणि मला पत्ताच नव्हता. तळव्यांना मुंग्या दीड वर्षापासून येत होत्या. आधीचे डॉक्टर म्हणायचे, शुगरमुळे असेल. हिमोग्लोबिन साडेतेरा, म्हणजे ठीक, त्यामुळे दुसरी शंका कुणाला आली नाही. नव्या डॉक्टरीणबाईंनी बी१२ जीवनसत्त्व बघायला लावलं, ते निघालं ११८. साधारण दोनशेच्या खाली गेलं की कमी धरतात.

पालेभाज्या आपण भरपूर खातो. त्यातलं फोलेट हे जीवनसत्त्व रक्त सावरून धरतं आणि आत बी१२ अभावी नसा झिजत राहतात. शिवाय आठ वर्षं मी शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतोय, त्या गोळीनेही बी१२ अंगी लागायचं कमी होतं. आठ वर्षांत एकदाही ही तपासणी झाली नाही, याचा मला राग येतो. आता एक दिवसाआड ते लाल औषध टोचून घेतोय.

आता तुझं. आपलं घर आजोबांपासून माळकरी. बी१२ तयार करतात जिवाणू. भाकरी, आमटी, भाजीत ते नसतंच. आपल्याला मिळतं ते दूध-दह्यातून. दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं, कपभर दुधात साधारण एक असतं. तू तर दूध सोडून काळी कॉफी धरलीस. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून आज तुला काहीच जाणवणार नाही. मलाही जाणवत नव्हतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली ४४१ पुरुषांचा अभ्यास छापला. त्यात ६७ टक्के जणांचं बी१२ कमी होतं, आणि सगळ्यात जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात, म्हणजे आपल्यासारख्यांत.

तुझी आत्या माझ्याच ताटातलं खाऊन वाढली, तिचं ३४० आहे. तिला मेटफॉर्मिन नाही हे खरं, पण जनुकांचाही यात वाटा असतो. एफयूटी२ नावाच्या जनुकाचं एक रूप ज्यांच्यात असतं, त्यांच्या रक्तात बी१२ जास्त आढळतं. आजी शेवटी भिंत धरून चालायची, आपण वय म्हणून सोडून दिलं. तू आत्यावर गेलास की माझ्यावर, हे चेहऱ्यावरून कळायचं नाही.

माळ काढ असं मी म्हणत नाही. गोळीतलं बी१२ जिवाणूंपासूनच बनवतात, त्यात आपल्या व्रताला बाध येत नाही. पण आधी तपासणी. गोळी सुरू केल्यावर आकडा फसवा येतो. येत्या शनिवारी रक्त देऊन ये आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव. आईला नको, ती रात्रभर जागी राहील.

तुझा,
बाबा