अटलांटिकची दुसरी दिशा राहूनच गेली

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला अटलांटिकवरील विमानोड्डाणांचा लेख आवडला, पण १९२७ साली अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला उतरले आणि लेखही तिथेच संपला. उलट दिशेने, पॅरिसहून न्यूयॉर्कला, न थांबता पहिल्यांदा कोण गेलं, याचा उल्लेखच नाही. तो यायला हवा होता.

ही दिशा जास्त अवघड. उत्तर अटलांटिकवर वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतात, म्हणजे पॅरिसहून निघालेल्या वैमानिकाला ते थेट अंगावर घ्यावे लागतात. मे १९२७ मध्ये फ्रेंच वैमानिक नुंजेसेर आणि कोली याच वाटेवर गेले, ते परतलेच नाहीत. १३ जुलै १९२९ला द्यदोने कोस्त आणि मोरिस बेलोंत हे दुसरे दोन फ्रेंच वैमानिक निघाले आणि हवामान बिघडलेलं पाहून अर्ध्या वाटेवरून मागे फिरले. त्याच दिवशी निघालेल्या पोलिश जोडीचं विमान अझोर्स बेटांवर कोसळलं, त्यात इजिकोव्स्की यांचा जीव गेला. सारं जग पाहत असताना मागे फिरायला मोठं धैर्य लागतं. कोस्त यांचा मला सर्वाधिक आदर वाटतो तो यासाठी.

१ सप्टेंबर १९३०ला दोघे पुन्हा निघाले आणि ३७ तास १८ मिनिटांनी न्यूयॉर्कला उतरले. स्वागताला खुद्द लिंडबर्ग हजर होते.

त्यांचं विमान मुळात लष्करी होतं. ब्रेगे-१९ हे १९२२ साली पहिल्यांदा उडालेलं, टेहळणीसाठी आणि हलक्या बॉम्बफेकीसाठी बांधलेलं दुपंखी विमान. सांगाडा ड्युरालुमिन या हलक्या मिश्रधातूचा, पंखांवर कापड, आणि खालचा पंख वरच्यापेक्षा बराच लहान. एवढ्या हलक्या सांगाड्याला ६५० अश्वशक्तीचं इस्पानो-सुइझा इंजिन जोडलं आणि पोटात पाच हजार लिटरांवर पेट्रोल भरलं. लाल रंगाच्या त्या विमानाच्या कुशीवर भलंमोठं पांढरं प्रश्नचिन्ह रंगवलेलं होतं, आणि त्याचं नावही तेच, 'प्रश्नचिन्ह'.

या जातीचं एक विमान आपल्याकडूनही गेलं होतं. १९२४ साली फ्रेंच वैमानिक पेलेतिए द्वाझी पॅरिसहून पूर्वेकडे निघाले, ते तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीहून आग्रा आणि कलकत्ता करत पुढे शांघायपर्यंत पोचले. तिथे उतरताना विमान मोडलं. सोबत यंत्रज्ञ बेझँ होते. वाटेत इंजिन चालतं ठेवणाऱ्या या माणसाचं नाव सहसा कुणी घेत नाही.

पण विक्रमांवरच थांबलो तर तेही अर्धसत्य ठरेल. याच जातीच्या फ्रेंच विमानांनी १९२५ साली मोरोक्कोतल्या रिफच्या डोंगरात, तिथल्या लढ्याचे नेते अब्द अल-करीम यांच्या लोकांवर बॉम्ब टाकले. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांवर परकी सत्तेने आकाशातून केलेला हा मारा आपल्याला तरी परका वाटू नये. पुढे स्पेनच्या यादवीत हीच विमानं दोन्ही बाजूंनी उडाली.

'प्रश्नचिन्ह' आज पॅरिसजवळ ल बुर्जेच्या विमान संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे. माझी विनंती एवढीच, की लेखाचा दुसरा भाग काढावा, त्यात या विमानाचं छायाचित्र छापावं आणि मजकुरात न्यूयॉर्कसोबत रिफलाही जागा द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक