फलकावर नाव नसलेली माणसे

मा. संपादक महोदय,

ब्रह्मपुरी तालुक्यातून सध्या आपल्याकडे ज्या बातम्या येतात, त्या बहुधा वाघाच्या हल्ल्याच्या किंवा ४५ अंशांच्या पुढे गेलेल्या पाऱ्याच्या असतात. त्या खऱ्या आहेत आणि छापल्याच पाहिजेत. परंतु निवृत्तीनंतर मी रोज पहाटे गावाच्या शिवेपर्यंत फिरायला जातो, आणि त्याच वाघाच्या व उन्हाच्या धास्तीत माणसे एकमेकांशी कशी वागतात हे पाहतो. त्याविषयी कोठे काही वाचनात येत नाही, म्हणून हे पत्र.

मोहफुलांचा हंगाम मार्च-एप्रिलचा. फुले रात्रीतून आणि पहाटे गळतात, आणि उजाडताच ती वेचली नाहीत तर गुरे व हरणे ती फस्त करतात. त्यामुळे जो आधी पोहोचेल त्याची टोपली भरते. असे असतानाही आमच्या गावच्या बाया पांदणीच्या तोंडाशी थांबतात, कारण एका काकींचे गुडघे दुखतात आणि त्यांना यायला उशीर होतो. “थांबा वो जराशा, काकी येऊन रायली,” असे कोणीतरी म्हणते आणि सगळ्या टोपल्या खाली टेकवून उभ्या राहतात. एकटीने जंगलात जाऊ नये, उजाडण्यापूर्वी जाऊ नये, असे वनविभाग सांगतोच. पण एकीसाठी बाकीच्यांनी रोज थोडी फुले सोडायची, हे त्यांचे त्यांनीच ठरवलेले आहे. ज्या घरांचे वर्षाचे तेल-मीठ या फुलांच्या विक्रीवर चालते, त्यांच्या दृष्टीने हा त्याग लहान नाही. अर्थात बाया एकमेकींना सांभाळून घेतात म्हणून वनविभागाने निश्चिंत राहावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होईल, तेव्हा पांदणीवर पहाटेची गस्त हवीच.

मुक्कामी एसटी सुटण्याची वेळ हीच. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, ही शासनाची चांगली गोष्ट. परंतु काठी टेकत येणारे आजोबा दिसले की चालक इंजिन सुरू ठेवून थांबतो आणि वाहक खाली उतरून त्यांना पायरीवर हात देतो, हे कोणत्या परिपत्रकात लिहिलेले नाही.

गावात शिरताना एक गृहस्थ खराट्याने स्वतःचे अंगण झाडून झाल्यावर शेजारच्या बंद घरासमोरचा रस्ताही झाडतात. त्या घरचे लोक कामासाठी परगावी गेले आहेत. गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावाने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान चालते आणि त्याने अनेक गावांचे रूप पालटले, हे मान्य. पण तपासणीच्या दिवशी नवे खराटे घेऊन छायाचित्रात उभे राहणारे आम्हीही पाहिले आहेत, आणि या गृहस्थांचा खराटा मात्र झिजलेला आहे.

शेवटी फाट्यावरच्या पाणपोईविषयी थोडे सविस्तर लिहितो. तिच्यावर मोठा फलक आहे, त्यावर नावे आहेत, आणि उद्घाटनाला फीतही कापली गेली. त्यानंतर ते रांजण रोज भरते कोण? फाट्याजवळ राहणाऱ्या एक वयस्क बाई दूरच्या हापशीवरून गुंड (घागर) भरभरून पाणी आणतात. रांजण पाझरतो आणि ते पाणी हवेत उडून जाताना आतले पाणी गार होते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती फार चांगली चालते, मात्र रांजणाचे अंग शेवाळाने किंवा क्षाराने बुजता कामा नये. म्हणून त्या बाई तो आतून-बाहेरून घासतात, खालची माती ओली ठेवतात, आणि उरलेले पाणी जनावरांसाठी फुटक्या टाक्यात ओततात. त्यांना कोणी मानधन देत नाही, आणि विचारल्यास त्यांना ते अपमानास्पद वाटेल, अशी माझी समजूत आहे.

त्यांचा सत्कार करावा, अशी माझी मागणी नाही. सत्कारात त्यांची एक सकाळ वाया जाईल. मात्र हापशीपासून पाणपोईपर्यंतची त्यांची रोजची पायपीट नळाच्या एका जोडणीने वाचू शकते. फलकावर ज्यांची नावे आहेत त्यांनी आणि ग्रामपंचायतीने मे महिन्याचे ऊन तापण्यापूर्वी एवढे काम करून द्यावे, ही विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर