'गदर' म्हणण्याआधी

संपादक महोदय,

ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी घरांतही १८५७चा विषय निघाला की हिंदीच्या सवयीने 'गदर' हा शब्द सर्रास तोंडी येतो. मूळ अरबी 'ग़द्र' म्हणजे विश्वासघात, दगा. 'गद्दार' त्याच धातूचा. म्हणजे मीठ खाऊन उलटलेले शिपाई, ही कंपनी सरकारची बाजू त्या शब्दात आयतीच येऊन बसते. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे, त्या जून १८५८ मध्ये याच शहरात लढता लढता पडल्या, हे मुलांना सांगताना तो शब्द उच्चारायला माझी तरी जीभ रेटत नाही.

'बागी'ही अरबीच, पण त्याचा अर्थ सत्तेविरुद्ध उठलेला. म्हणूनच चंबळच्या खोऱ्यातले दरोडेखोर स्वतःला डाकू न म्हणवता बागी म्हणवत. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या क्रांतिकारकांनी 'गदर' हे नाव अभिमानाने मिरवले, हे खरे. पण त्यांनी ते इंग्रजांना डिवचण्यासाठी, समजून उमजून घेतले होते. आपण नुसत्या सवयीने बोलतो.

मराठीत 'बंड', 'उठाव' हे रोखठोक शब्द आहेत. जूनमधल्या बलिदान मेळ्याच्या वेळी इथल्या मराठी मंडळांनी निदान आपल्या पत्रिकांत तेच छापावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर