पावसाळ्यातला ‘ओएच’ पाण्याचा

संपादक महोदय,

पुण्यातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके ऐन पावसाळ्यात सुरू होतात आणि आयआर स्पेक्ट्रमवर, म्हणजे पदार्थ अवरक्त किरण कुठे शोषतो याच्या आलेखावर, ३४००च्या आसपास (पिकांचे आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये) एक रुंद पीक, म्हणजे शोषणाची खूण, हमखास उगवते. मुले ‘ओएच’ (अल्कोहोलमधला ऑक्सिजन-हायड्रोजन गट) लिहून मोकळी होतात. बऱ्याचदा ते पाणी असते, ज्यात नमुना मिसळून चकती दाबतात त्या पोटॅशियम ब्रोमाइडने, म्हणजे केबीआरने, हवेतून ओढलेले. पाण्याचे दुसरे पीक १६४०जवळ येते. त्यावरून काही जण दुहेरी बंधही शोधून काढतात! खरे अल्कोहोल असेल तर १००० ते १२६० या पट्ट्यात सी-ओ (कार्बन-ऑक्सिजन) बंधाचे ठळक पीक हवेच. ते नसेल तर आधी केबीआरवर संशय घ्यावा.

केबीआर ११० अंशांवर दोन-तीन तास तापवून डेसिकेटरमध्येच (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करावे. नमुना १ ते २ मिलिग्रॅम पुरे. तो अ‍ॅगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात आधी एकटाच बारीक घोटावा, मग २०० मिलिग्रॅम केबीआर घालून हलक्या हाताने मिसळावे. सगळे एकत्र करून दहा मिनिटे घोटत बसले, की ओव्हनची मेहनत पाण्यात. १३ मिलिमीटरच्या डायमध्ये (साच्यात) ८ ते १० टन दाब दोन मिनिटे द्यावा, व्हॅक्यूम पंप असल्यास जोडावा. चकती काचेसारखी यायला हवी. दुधी आली तर ओल राहिली किंवा घोटणे कमी पडले. बेसलाइन (आलेखाची मूळ रेषा) ४०००च्या बाजूला कलली तर कण जाड, आणि पिकांचे तळ सपाट झाले तर नमुना जास्त. २३५०जवळच्या जोड पिकाला नायट्राइल (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंध) समजू नये. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड. बॅकग्राउंड (नमुन्याविना घेतलेला स्पेक्ट्रम) नव्याने घेतले की जातो.

अ‍ॅस्पिरिनच्या प्रयोगात ही ओल फारच नडते. कच्च्या मालाचे, म्हणजे सॅलिसिलिक आम्लाचे, ३२३०चे पीक गेले की नाही, यावर अभिक्रिया पूर्ण झाली का ते ठरते आणि नेमके तेच पाण्याखाली झाकले जाते. अशा वेळी कार्बोनिलकडे (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या पिकाकडे) पाहावे: १६६०च्या जागी १७५० आणि १६९० अशी दोन पिके दिसायला हवीत.

एटीआर (चकती न दाबता नमुना थेट स्फटिकावर ठेवून मोजण्याची सोय) असलेल्या प्रयोगशाळांत केबीआरची ही कटकट नाही. इतरांनी निदान जून ते सप्टेंबर प्रत्येक बॅचला नुसत्या केबीआरची कोरी चकती घ्यायला लावावी, तिचा स्पेक्ट्रम जर्नलमध्ये शेजारी चिकटवावा आणि त्याशिवाय ‘ओएच’ला गुण देऊ नयेत.

— रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, पुणे